बारा वाजताची वीस मिनिटं

तक्रार मी केली होती.

एवढं एक वाक्य त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी बोललो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. बोललो नाही. मूग गिळून बसलो. आणि मी काही गप्प बसणाऱ्यातला नाही हो. माझ्या नाकावर राग असतो. रिक्षावाले, बँक, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. बायको म्हणते, तुझं डोकं आधी तापतं, चालायला नंतर लागतं. बरोबर म्हणते.

मी बंगळुरूच्या एका कंपनीसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. पंप कसा बसवायचा, झाकण कधी उघडायचं नाही, लाल दिवा लागला तर पहिलं काय करायचं, असलं सगळं. कंपनी बंगळुरूला, मी घाटकोपरला. पहिली दोन वर्षं घरूनच काम केलं. आईची मालिका, मुलीचा क्लास आणि माझे कॉल, सगळं एका हॉलमध्ये. शेवटी मी कंपनीला सांगितलं, मला बाहेर कुठेतरी खुर्ची घेऊन द्या, नाहीतर एक दिवस आमचा टीव्ही खिडकीतून खाली जाईल. त्यांनी एलबीएस रोडवरच्या एका को-वर्किंगमध्ये माझी सोय केली. फर्निचरच्या दुकानाच्या वर, तिसरा मजला.

तिथं चाळीस-एक माणसं बसायची, चाळीस वेगळ्या कंपन्यांची. भिंतीवर दिव्यांच्या मोठ्या अक्षरांत इंग्रजीतून आपण सगळे कसे एक कुटुंब आहोत ते लिहिलेलं, आणि त्याच्याखाली सगळे कानात हेडफोन घालून बसलेले. महिन्यातून एकदा हेड ऑफिस 'कम्युनिटी'चा कार्यक्रम करायचं. एकदा पिझ्झा आणला. जो तो आपला तुकडा घेऊन आपापल्या जागेवर गेला. एकदा सगळ्यांना गोल उभं केलं आणि चेंडू फेकायला लावला. ज्याच्याकडे चेंडू येईल त्यानं नाव आणि आवडता रंग सांगायचा. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या मी, चेंडू धरून 'निळा' म्हणालो आणि चिडून जागेवर येऊन बसलो. चार महिने झाले तरी शेजारी बसणाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं.

पँट्रीत, म्हणजे चहा-कॉफीच्या खोलीत, एक मावशी होत्या. सावंतवाडीकडच्या. सासरे गिरणीत होते, नवरा कुरिअर कंपनीत. पन्नाशीच्या आतबाहेर, बोलायला फटकळ. कप तसाच सिंकमध्ये टाकून गेलात की मागून ऐकू यायचं, "घरी पण असंच करता काय?" मला त्या पहिल्यापासून आवडल्या. तिथं खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एके दिवशी बाराच्या सुमारास मी चहाला गेलो तर पँट्री रिकामी. दहा मिनिटं थांबलो, वैतागलो आणि तावातावानं रिसेप्शनवर गेलो. तिथं बसणारी मुलगी विक्रोळीची, तेवीस-चोवीसची, कॉलेज संपल्यावरची तिची पहिलीच नोकरी. मी तोंड उघडायच्या आत ती उठली, म्हणाली, "काका, पाच मिनिटं द्या ना, मी करते." आणि तिनं आमच्यासाठी जो चहा केला त्याला चहा म्हणणं जिवावर आलं. दूध करपलं होतं. तिथंच उभ्या असलेल्या एका भाईंनी, हे जीएसटीची कामं करणारे घाटकोपरचेच गुजराती गृहस्थ, एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. "बेटा, ये क्या है?" ती रडकुंडीला आली आणि मग तिनं खरं काय ते सांगितलं.

मावशींच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला होता. दीड वर्ष बिछान्यात. बोलता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. मावशींचं घर भटवाडीत, ऑफिसच्या मागच्या चढावर. रोज बाराच्या ठोक्याला त्या घरी धावत जायच्या, त्याला कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, चार घास पेज भरवायच्या आणि वीस मिनिटांत परत यायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, माणूस एकाच अंगावर पडून राहिला तर पाठ फुटते. बाराला कामावरून बाहेर जायची परवानगी नव्हती. त्यांनी मागितलीही नव्हती, कारण नाही म्हटल्यावर जाताच आलं नसतं. एवढे दिवस ती मुलगी गुपचूप सांभाळून घेत होती.

भाई म्हणाले, "इसमें क्या है, आपण दिवस वाटून घेऊ." आणि वाटून घेतले. सोमवार भाईंचा, मंगळवार-बुधवार बाकीच्यांचे, गुरुवार माझा, शुक्रवारी ती मुलगी, तेही भाईंच्या देखरेखीखाली. कागदावर काही नाही, ग्रुपवर काही नाही. बारा वाजले की ज्याचा दिवस तो हेडफोन काढून उठायचा आणि गॅसशी उभा राहायचा. मावशी जिन्यानं खाली उतरायच्या, त्या परत येईपर्यंत चहा सगळ्यांच्या हातात असायचा.

आणि चेंडू फेकून जे झालं नव्हतं ते यातून झालं. चहा करायचा म्हणजे विचारावं लागतं ना, कोणाला साखर, कोणाला नको, कोणाला कोरा. विचारता विचारता माणसं कळली. शेजारी बसणारा गोरेगावहून येतो, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. भाईंना शुगर आहे आणि ते सर्रास खोटं बोलून दोन चमचे घालून घेतात. चहानंतर डबे पण एकत्र उघडायला लागलो. मावशी आपल्या डब्यातली उसळ त्या मुलीच्या झाकणावर वाढायच्या, ती नको नको म्हणायची, त्या म्हणायच्या, "गप खा गो, काडी झालीस." माझ्या आल्याच्या चहाची तर इतकी तारीफ व्हायची की मी घरून खलबत्ता घेऊन गेलो होतो. गुरुवारी मला सकाळपासून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात मला असं वाटलेलं नव्हतं.

आता तो मंगळवार. माझा क्लायंटबरोबर मोठा कॉल होता, बॉसही होता. फोनसाठीच्या काचेच्या खोल्या भरलेल्या, म्हणून मी माझ्याच टेबलावर बसलो. पँट्रीत हसणं चाललं होतं. कोणाचा तरी चहा उतू गेला होता, भाई कोणाची तरी नक्कल करत होते. मी हातानं खुणावलं, हळू. त्यांना वाटलं मी बोलावतोय. भाईंनी लांबून बिस्किटाचा पुडा हलवून दाखवला आणि पुन्हा सगळे हसले. तेवढ्यात बॉस सगळ्यांच्या देखत म्हणाला, कुठल्या लग्नाला गेलायस का? क्लायंट हसला.

कॉल संपला आणि मी मोबाइल घेतला. त्या जागेचं एक ॲप होतं. एसी जास्त आहे, खुर्ची मोडली, काहीही असो, तिथं तक्रार टाकायची. उठून समोरच्याला सांगायची पद्धतच तिथं नव्हती; दोन फुटांवरचा माणूस मोठ्यानं बोलला तरी लोक ॲपवर लिहायचे. मी यादी उघडली. 'आवाज' असा प्रकारच नव्हता. म्हणून 'पँट्री' निवडला आणि लिहिलं: रोज दुपारी बारा ते साडेबारा पँट्रीत कर्मचारी हजर नसतो. या वेळेत सदस्य स्वतः गॅस वापरतात व गोंधळ होतो.

माझं पोट असल्या वाक्यांवर चालतं. छोटं, नेमकं, वाचणाऱ्याला शंका राहू नये असं. वीस मिनिटांची मी तीस केली होती, तेवढं सोडलं तर त्यात खोटं काही नव्हतं. खाली चौकट होती, नाव गुप्त ठेवा. तीही भरली. पाठवलं. आणि बोट उचलतोय तोच ती मुलगी माझा कप घेऊन आली. "काका, सॉरी हां, आवाज झाला ना आमचा? दोन बिस्किटं ठेवलीत तुमची."

मी काय केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मला नंतर कधी नाकारता आलेलं नाही. तक्रार मागे घ्यायला ॲपवर सोय नव्हती. फोन करता आला असता, चुकून गेली म्हणता आलं असतं. पण मी स्वतःची समजूत घातली की वाचतो कोण. एसीची तक्रार दोन महिने पडून होती. चहा प्यायलो, बिस्किटंही खाल्ली.

ही मात्र त्यांनी वाचली. गॅसचं नाव आलं होतं, सुरक्षेचा प्रश्न. पुढच्या सोमवारी हेड ऑफिसची दोन माणसं आली. गोड बोलणारी. त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं, मग त्या मुलीला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. अर्ध्या तासानं ती डोळे पुसत बाहेर आली आणि कोणाशी न बोलता वॉशरूममध्ये गेली. मग मावशींना बोलावलं. त्यांना काढलं नाही. तेवढी माणुसकी दाखवली असं त्या दोघांना खरंच वाटत होतं. अंधेरीला, मरोळच्या शाखेत बदली केली. मेट्रोनं पंधरा-वीस मिनिटं, लांब कुठे आहे, म्हणाले. जायला लांब नव्हतंच. पण बाराला तिथून भटवाडीत येऊन, त्याला वळवून, परत जाणार कसं?

मावशी पिशवी घेऊन बाहेर आल्या तेव्हा आम्ही सगळे डबे उघडून टेबलाभोवती होतो. "कोणी सांगितलं?" मावशींनी विचारलं. मग त्या रिसेप्शनवरच्या मुलीकडे वळल्या. केबिनमध्ये आधी तीच गेली होती, रडत तीच बाहेर आली होती. मावशींना आणखी पुरावा कशाला हवा होता?

"तुका मी माझ्या हातान जेवूक घातलंय गो," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची. "आणि तू माझ्या घरावर उठलंस?"

ती म्हणाली, "मावशी, शप्पथ, मी नाही." मावशी थांबल्या नाहीत. बिछान्यातल्या माणसाचा तळतळाट लागेल, म्हणाल्या. तुझ्या आईनं हेच शिकवलं काय, म्हणाल्या. आणखी बरंच काय काय बोलल्या, ते मी इथं लिहीत नाही. ती मुलगी उभी राहून ऐकत होती. मी तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर भेंडीच्या डब्यात बघतोय. मला वाटलं, आता बोललो तर मावशींची बदली काही रद्द होणार नाही, मग उगाच सगळ्यांसमोर शोभा कशाला. डोकं अशा वेळी फार छान चालतं. भाई म्हणाले, "जाने दो, जाने दो," आणि मावशी जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाईंनी हेड ऑफिसला विनंतीचा मेल लिहायला घेतला. मला म्हणाले, तुम्ही लिहा, तुमचं लिहिणं चांगलं. मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं. मावशी या जागेचा आधार आहेत, त्यांच्यामुळे आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो. पस्तीस जणांनी नावं घातली, पहिलं माझं. भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं वाचताना. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तरीही मी त्यांना मसुद्यातली एक चूक दुरुस्त करून दिली. मेलला उत्तर आलं, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.

मग त्या मुलीला सगळ्यांनी हळूहळू वाळीत टाकलं. भांडण नाही, टोमणा नाही, तसलं काही नाही. ती डबा घेऊन आली की बोलणं थांबायचं, एवढंच. चार दिवसांनी ती आपल्या काउंटरवरच जेवायला लागली. गॅस काढून तिथं बटण दाबायचं मशीन आलं. वाटून घ्यायला दिवसच उरले नाहीत. महिन्याभरात जो तो पुन्हा हेडफोन घालून आपापल्या जागेवर जेवायला लागला. मीही. ती मुलगी सहाव्या आठवड्यात नोकरी सोडून गेली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन "येते काका" म्हणाली. मी स्क्रीनवरून मान वर करून "हो, हो, ऑल द बेस्ट" म्हणालो.

असं आठ महिने चाललं. बायकोलाही सांगितलं नाही. एरवी मी कोणावर ओरडलो ते सगळं तिला येऊन सांगतो.

मग परवाच्या दिवाळीनंतर तिथला मॅनेजर नोकरी बदलून गेला. जाता जाता भाईंशी मोकळेपणानं बोलला, आणि भाईंनी ते मला येऊन सांगितलं. त्या दिवशी केबिनमध्ये त्या मुलीनं कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. मीच मावशींना घरी पाठवत होते, असं ती म्हणाली होती. काढायचं तर मला काढा. तक्रार ॲपवर आली होती, निनावी. "हम लोग कैसे हैं, यार," भाई म्हणाले, आणि चष्मा काढून बसून राहिले. तिथंही मी बोललो नाही. पण त्या रविवारी सकाळी भटवाडीचा चढ चढलो.

मावशींनी मरोळला तीन आठवडे काढले होते आणि सोडून दिलं होतं. आता आसपासच्या तीन घरी पोळ्या करायच्या. मला बघून त्यांना आनंद झाला. "भाऊ, तुम्ही? बसा, बसा." मग म्हणाल्या, "बसण्याआधी जरा खांद्याला धरता काय? याला वळवायचाय." मी खांद्याला धरलं. अंगात काही उरलं नव्हतं त्याच्या, तरी जड लागला. पाठीवर, कमरेच्या वर, हाताच्या पंजाएवढी जागा काळीनिळी होती आणि मधे अजून ओली. मावशी कापसानं टिपत म्हणाल्या, "ती मरोळची देणगी. भरतच नाय." मी त्याला तसंच धरून होतो. तसंच धरून सांगितलं.

त्यांचा हात थांबला नाही. औषध लावून झालं, पावडर झाली, सदरा खाली ओढला. मग त्या म्हणाल्या, "त्या पोरीला मी बोलत होते, तेव्हा तुम्ही तिथंच होतात."

"हो."

"समोर."

"हो, मावशी."

"जेवलात नंतर?"

मी आठवून बघितलं. "जेवलो," म्हटलं.

त्यांनी मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिचा नंबर मी रागान काढून टाकला. तुमच्याकडे असेल. लावा."

"मावशी, मी जाऊन भेटेन ना तिला..."

"लावा आत्ता."

मी लावला. त्यांनी बोट दाखवून स्पीकर चालू करायला लावला. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला.

"काका! किती दिवसांनी. बरं वाटलं ना एकदम. कसे आहात?" मला काही सुचायच्या आत तीच बोलत सुटली. मुलुंडला एका दवाखान्यात नोकरी लागली होती, छान चाललं होतं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तुम्हाला कधीपासून सांगायचं होतं, राहूनच गेलं. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं मीच सांगितलं. नंतर कोणी नीट बोललं पण नाही माझ्याशी. जाताना तुम्ही एकटेच ऑल द बेस्ट म्हणालात. मी आईला पण म्हटलं होतं, एका काकांचा विश्वास होता माझ्यावर."

मावशी माझ्याकडे बघत होत्या.

मावशींच्या घरून बोलतोय म्हणालो आणि तिला सांगितलं. मंगळवार, कॉल, ॲप, सगळं. मधे कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. माफ कर असं शेवटी म्हणालो, पण ते नीट उमटलं की नाही मला ठाऊक नाही.

पलीकडे दवाखान्यात कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग ती बोलली. चिडली नव्हती. को-वर्किंगच्या काउंटरवर अनोळखी माणूस आला की ती जशी बोलायची, अगदी तशी बोलली.

"ठीक आहे, सर. मावशी आहेत का तिथं? त्यांना द्या."